उशाशी ठेवलेल्या वस्तू

इंग्लंडमधल्या केंब्रिजशायर परगण्यात बॅरिंग्टन गावाजवळ एडिक्स हिल नावाचा एक उंचवटा आहे. १९८९ ते १९९१ या काळात तिथे उत्खनन झालं, तेव्हा १८ क्रमांकाच्या कबरीत एक तरुण बाई सापडली. वय सतरा ते पंचविसाच्या दरम्यान. तिला पलंगावर निजवून, पलंगासकट पुरलं होतं. लाकूड कधीच मातीत मिळून गेलेलं. लोखंडी पट्ट्या आणि खिळे तेवढे आपापल्या जागी होते, म्हणून पलंग ओळखू आला. सोबत एक पेटी, एक बादली आणि तलवारीसारखी दिसणारी एक लोखंडी पट्टी. ही पट्टी लढाईची नव्हे. उभ्या मागावर बाण्याचा धागा ठोकून घट्ट बसवायला ती वापरत. असा सरंजाम त्या दफनभूमीत फार थोड्यांच्या वाट्याला आलेला, तेव्हा बाई मोठ्या घरची हे उघड होतं. मग हाडांच्या तज्ज्ञांनी हाडं पाहिली आणि त्यांना त्यांत कुष्ठरोगाच्या खुणा आढळल्या.

कुष्ठरोगी म्हणजे गावाबाहेर, हे आपण इतकं गृहीत धरलेलं असतं की इथे मन अडखळतं. सातव्या शतकातल्या त्या घराने या मुलीला बाहेर काढलं नव्हतं. उलट घरातला पलंग तिच्यासाठी खड्ड्यात उतरवला. का? जास्त माया होती म्हणून? आजारामुळे तिच्यात काही दैवी आहे असं वाटलं म्हणून? की घराण्याचा मान राखायचा होता, आणि आजाराचा त्याच्याशी काही संबंधच नव्हता? वस्तू इथवर आणून सोडतात.

कबरीत काय ठेवायचं हे मेलेल्याच्या हातात नसतं. ठेवतात ते मागे राहिलेले, आणि ठेवताना त्यांच्या मनात दुःखाबरोबर शेजारीपाजारी, भाऊबंदकी, मानपान, भीती असं पुष्कळ काही असतं. अँग्लो-सॅक्सन कबरींबद्दल वाचताना हे विसरलं की फसगत ठरलेली. पण वस्तूंना सगळंच लपवता येत नाही. झिजलेली कड, सांधलेली भेग, गंजात अडकलेला धागा यांतून पुरणाऱ्यांना सांगायचं नव्हतं तेही बाहेर पडतं. मला या विषयात खरी गोडी वाटते ती तिथे.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधली रोमन सत्ता संपली. त्यानंतर आजच्या उत्तर जर्मनी, डेन्मार्क आणि नेदरलँड्सच्या किनाऱ्यांवरून माणसं येत राहिली. अँगल, सॅक्सन, ज्यूट अशी त्यांची नावं आपल्याला पुढच्या लेखकांकडून कळतात. या लोकांनी पहिली दोनशे वर्षं जवळजवळ काहीच लिहून ठेवलेलं नाही. बीड नावाच्या भिक्षूने आपला इतिहासग्रंथ पुरा केला तो ७३१ मध्ये, म्हणजे पणजोबाच्या पणजोबाची गोष्ट पणतवाने सांगावी तसा. तेव्हा त्या काळाचं दप्तर म्हणजे कबरीच.

सुरुवातीला अनेक ठिकाणी दहनाची चाल होती. नॉरफोकमधल्या स्पाँग हिलच्या दफनभूमीत २,००० हून जास्त अस्थिकलश निघाले. काळपट मातीचे घट, त्यांवर ठशांची नक्षी, आत राख आणि हाडांचे तुकडे. या राखेत वारंवार सापडणारी गोष्ट कोणती, तर कंगवा. शिंगाचा किंवा हाडाचा, पुष्कळदा नुसता तुकडा. शिवाय चिमटे, आणि खेळण्यातली वाटावी इतकी चिमुकली कात्री. गंमत म्हणजे यांतले बरेच कंगवे जळलेले नाहीत. म्हणजे ते चितेवर नव्हते. राख गोळा करून घटात भरताना कुणीतरी वरून ठेवले. ज्याचे केस जळून गेले त्याला कंगवा देण्यामागे काय भाव असेल? हॉवर्ड विल्यम्स या पुरातत्त्वज्ञाच्या मते आगीने मोडलेलं माणूसपण पुन्हा जुळवण्याची, मृताला नवं अंग देण्याची ही रीत होती. मला ते पटतं. ज्याच्या डोक्यावरून रोज कंगवा फिरवला, त्याची राख हाती आल्यावर हात आपोआप कंगव्याकडे गेला असेल, एवढं तरी खरं.

अख्खं शरीर पुरलेल्या कबरी जास्त बोलक्या, विशेषतः बायकांच्या. त्यांचा मुख्य पोशाख म्हणजे नळीसारखा शिवलेला झगा, दोन्ही खांद्यांवर ब्रोचने अडकवलेला. आपल्याकडे पदराला ब्रोच लावतात ना, त्याचीच ही दांडगी बहीण, कधीकधी तळहाताएवढी. सांगाड्याच्या दोन्ही खांद्यांपाशी जोडीने ब्रोच आणि मधे काचेच्या, अंबरच्या मण्यांची माळ दिसली की ही मांडणी लगेच ओळखू येते. ब्रोचच्या घडणीवरून मुलूखही कळतो. पूर्वेकडच्या अँगल मुलखात क्रुसासारखे लांबट, टेम्स नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या सॅक्सन बायकांचे बशीसारखे गोल, आणि केंटमध्ये लाल खडे जडवलेल्या चकत्या. अँगल बायकांच्या मनगटांपाशी बाह्या बंद करायचे छोटे धातूचे आकडे मिळतात. ती फॅशन स्कँडिनेव्हियातून आलेली. बाई बोलू लागण्याआधी तिच्या साडीच्या नेसण्यावरून आपण गाव ओळखतो, त्यातलाच हा प्रकार.

पण पुढची गोष्ट जास्त मोलाची. लोकर आणि लिनन मातीत कुजतात. मात्र ब्रोचची मागची सुई बहुधा लोखंडाची, आणि तिला कापड चिकटलेलं असतं. लोखंड गंजताना तो गंज धाग्यात शिरतो, धागा नाहीसा होतो आणि गंजाचाच धागा तयार होतो, अगदी हुबेहूब. सूक्ष्मदर्शकाखाली त्या नखाएवढ्या पापुद्र्यात विणीची जात दिसते, सुताचा पीळ उजवा की डावा ते दिसतं, एका सेंटीमीटरात किती धागे ते मोजता येतं. पेनेलोपी वॉल्टन रॉजर्स यांनी असे हजारो पापुद्रे तपासून त्या काळचा पोशाख थरावर थर उभा केला. सोनेरी दर्शनी बाजू पाहुण्यांसाठी. घरातली बाई कशी सूत कातत होती ते गंजलेल्या पाठीवर. संग्रहालयात मात्र हे ब्रोच नेहमी पाठ भिंतीला लावून मांडतात.

अनेक बायकांच्या कमरेला किल्लीसारख्या लांब काश्याच्या पट्ट्या लटकवलेल्या असतात, जोडीने. या किल्ल्यांनी कुठलंच कुलूप उघडत नाही. नुसता आकार किल्लीचा. आपल्या वाड्यांतल्या कारभारणीच्या कमरेचा चांदीचा छल्ला आठवला की याचं कोडं निम्मं सुटतं. घराची कोठारं जिच्या ताब्यात, तिची ती खूण असावी. तिथेच बाजूला पुष्कळदा एखादी पिशवीही असे. पिशवी कुजते, तिच्या तोंडाची कडी उरते, आणि सुखवस्तू बायकांची ही कडी हस्तिदंताची. लिंकनशायरमधल्या स्क्रेंबीच्या दफनभूमीतल्या अशा कड्या तपासल्या, तर तो दात आफ्रिकेतल्या हत्तीचा निघाला. आत काय, तर रोमन काळातली मोडकी नाणी, काचेचे तुकडे, तुटकी साखळी. उपयोग शून्य. आजीच्या बटव्यात असतं तसं सगळं. या पिशव्यांना कुणी ताईतांची पोतडी म्हणतं, कुणी भंगाराची. दोन्ही एकाच वेळी खरं असायला काय हरकत आहे?

पुरुषांची ओळख भाल्याने आणि ढालीने. शंभर-दीडशे वर्षं अभ्यासकांनी सरळ हिशेब केला: भाला दिसला की योद्धा. हाइनरिश हेर्के या जर्मन अभ्यासकाने १९९० च्या सुमारास हा हिशेब मोडला. त्याने अनेक दफनभूमी एकत्र घेऊन शस्त्रं आणि हाडं शेजारी शेजारी मांडली. भाले काही अगदी लहान पोरांजवळही होते आणि जन्मजात व्यंगामुळे लढूच न शकणाऱ्यांजवळही. काहींना नुसती ढाल दिलेली. शिवाय बखरींत लढायांचा उल्लेख सगळ्यांत कमी असलेल्या काळात शस्त्रं पुरण्याची चाल ऐन भरात होती. म्हणजे भाला लढाईबद्दल कमी आणि घराण्याबद्दल जास्त बोलतो: हा आमच्या कुळातला पुरुष, हा भाला धरण्याच्या योग्यतेचा. कमरेच्या साध्या सुरीचंही तसंच. सुरी बायका, पुरुष, मुलं सगळ्यांना मिळे, पण लांब पात्याची सुरी मोठ्या पुरुषांनाच. वयाप्रमाणे पातं वाढत जाई.

चुका वाचणाऱ्यांच्याही होतात. अठराव्या शतकात केंटमधले एक धर्मगुरू, ब्रायन फॉसेट, यांना कबरी उकरण्याचा भारी नाद. ऑगस्ट १७७१ मध्ये किंग्स्टन गावाजवळच्या टेकडीवर त्यांना सोन्याचा, लाल-निळ्या खड्यांनी भरगच्च जडवलेला ब्रोच मिळाला. त्याच्या तोडीचा अँग्लो-सॅक्सन ब्रोच क्वचितच सापडला आहे. फॉसेट शेवटपर्यंत असंच मानत राहिले की ही माणसं रोमन वळणाचे जुने ब्रिटन लोक होती. त्यांच्या मनातले सॅक्सन रानटी. रानटी लोक असं नाजूक काम कसं करणार? पुढे ब्रिटिश म्युझियमने हा संग्रह घ्यायला नकार दिला आणि लिव्हरपूलच्या जोसेफ मेयर या सोनाराने तो विकत घेतला. ब्रोच आजही लिव्हरपूललाच आहे.

उलट दिशेची चूक जास्त टिकली: अँग्लो-सॅक्सन वस्तू, म्हणून आतला माणूस समुद्रापलीकडून आलेला. २०२२ मध्ये जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या काळातल्या पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमधल्या लोकांच्या वंशातला सरासरी ७६ टक्के वाटा युरोपच्या उत्तर किनाऱ्यावरचा निघाला. स्थलांतर मोठं होतं, यात आता शंका उरली नाही. पण कबरी एकेक करून पाहिल्या तेव्हा चित्र गुंतागुंतीचं दिसलं. ब्रोच आणि मणी परकीय वंशाच्या बायकांना जास्त मिळालेले, स्थानिक वंशाच्या बायकांना कमी. पुरुषांत मात्र तसा भेद नाही. शस्त्रं दोन्ही वंशांच्या माणसांजवळ सारखीच. स्थानिक पोराला भाला मिळाला, स्थानिक लेकीला ब्रोच मिळणं अवघड गेलं. असं का झालं असावं यावर अजून वाद चालू आहेत, आणि ते लवकर मिटतील असं मला वाटत नाही.

याच अभ्यासात केंटमधल्या अपडाउन इथली एक मुलगी पुढे आली. दहा-अकरा वर्षांची, सातव्या शतकातली. जवळ सुरी, कंगवा, एक मडकं. शेजारच्या कबरींत असतं तसंच. तिच्या जनुकांत सुमारे एक तृतीयांश वारसा पश्चिम आफ्रिकेचा आहे, बहुधा आजोबा किंवा आजीकडून आलेला. हाती फक्त वस्तू असत्या तर हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. तिला पुरणाऱ्यांनी तिच्यात वेगळं असं काही नोंदवलंच नाही. ती त्यांची मुलगी होती.

आता सटन हू. त्याला टाळून हा विषय पुरा होत नाही. सफोकमध्ये डेबेन नदीकाठी एडिथ प्रिटी यांच्या जमिनीवर मातीचे जुने ढिगारे होते. त्यांनी बेसिल ब्राऊन या शाळा लवकर सोडलेल्या, स्वतःच शिकलेल्या माणसाला उत्खननासाठी बोलावलं. १९३९ च्या उन्हाळ्यात सगळ्यांत मोठ्या ढिगाऱ्याखाली त्याला २७ मीटर लांबीचं जहाज मिळालं. खरं तर जहाजाचा ठसा, वाळूतला. लाकूड नाहीसं, लोखंडी खिळ्यांच्या रांगा जागच्या जागी. नेटफ्लिक्सवर ‘द डिग’ हा चित्रपट पाहिलेल्यांना हे दृश्य आठवेल. मधल्या कक्षात सोनं, चांदी, शिरस्त्राण, तलवार. हा सगळा ऐवज कायद्याने प्रिटीबाईंचा ठरला आणि त्यांनी तो ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

त्या ऐवजातल्या सोन्याच्या बकलचं वजन ४१२ ग्रॅम आहे, हे सगळे सांगतात. मला मात्र तिथली साखळी जास्त आवडते. मोठी कढई आढ्याला टांगायची लोखंडी साखळी, लांबी साडेतीन मीटरच्या आसपास, घडणीत कमालीची नजाकत. कढई चुलीवर टांगायला एवढी साखळी लागत असेल तर छत किती उंच असेल! तिथे पुरलेल्या राजाचं दालन आज उभं नाही, पण त्याच्या आढ्याची उंची स्वयंपाकाच्या एका वस्तूने जपून ठेवली. नाण्यांचंही असंच. ३७ सोन्याची नाणी, सगळी फ्रँक लोकांच्या मुलखातली, आणि प्रत्येक वेगळ्या टांकसाळीतलं. शिवाय तीन कोऱ्या चकत्या आणि दोन छोट्या लगडी. वापरातल्या थैलीत असा योगायोग होत नाही. कुणीतरी निवडून ठेवलीत. फिलिप ग्रिअर्सन या नाणेतज्ज्ञाने सुचवलं की ही चाळीस वल्हेकऱ्यांची आणि सुकाणूवाल्यांची मजुरी असावी, पलीकडच्या प्रवासासाठी. सिद्ध करता येत नाही, पण एकदा ऐकलं की डोक्यातून जात नाही.

माणूस मात्र नाही. आम्ल वाळूने हाडं पूर्ण खाल्ली. पुढे मातीच्या तपासणीत फॉस्फेट जास्त मिळालं, एवढीच त्याची साक्ष. नाण्यांच्या काळावरून बहुतेकांचा कौल पूर्व अँग्लियाच्या रेडवाल्ड राजाकडे आहे. बीड सांगतो की रेडवाल्डने बाप्तिस्मा घेतला, पण एकाच देवळात ख्रिस्ताची वेदी आणि जुन्या देवांची वेदी अशा दोन्ही ठेवल्या. त्याच जहाजात बायझंटाइन चांदीचे दोन चमचे आहेत, त्यांवर ग्रीक अक्षरांत सौलोस आणि पौलोस ही नावं. शिरस्त्राणाच्या भुवयांवर लाल खडे बसवलेत. एका भुवईतल्या खड्यांखाली चकाकीसाठी सोन्याचा पत्रा आहे, दुसरीत नाही. दिव्यांच्या उजेडात एकच डोळा पेटलेला दिसत असणार, एकाक्ष वोडन देवासारखा, असा काहींचा तर्क. चमचे एका वेदीचे, शिरस्त्राण दुसऱ्या वेदीचं. पुरणाऱ्यांनीही निवड टाळली.

ते लाल खडे म्हणजे गार्नेट. नवरत्नांतला आपला गोमेद त्याच कुळातला, रंगाने वेगळा. या काळातल्या युरोपीय दागिन्यांमधल्या गार्नेटची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा पाचव्या-सहाव्या शतकातले बरेचसे खडे भारत आणि श्रीलंकेतले निघाले. पुढे तो पुरवठा आटला आणि बोहेमियातले लहान खडे वापरात आले. असे खडे एका अनपेक्षित जागीही मिळाले. २००३ मध्ये एसेक्समधल्या प्रिटलवेलला रस्ता आणि रेल्वेच्या मधोमध एक लाकडी दफनकक्ष सापडला, सहाव्या शतकाच्या अखेरचा. भांडी अजून भिंतीवरच्या खुंट्यांना अडकवलेली. त्यात एक वीणेसारखं वाद्य होतं. लाकूड गेलेलं, मातीत फक्त गडद डाग. त्या डागावरून अख्खं वाद्य वाचता आलं. ते कधीतरी दुभंगलं होतं आणि धातूच्या पट्ट्यांनी सांधलं होतं. त्या दुरुस्तीवर बसवलेले गार्नेट बहुधा भारतीय उपखंडातले. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याशा ओढ्यातला खडा हजारो मैल गेला, तो एका मोडलेल्या वाद्याला जोड द्यायला. त्या वाद्याऐवजी नवं करणं असा कक्ष बांधणाऱ्या घराण्याला काय कठीण होतं? पण ते सांधलं, सजवलं, आणि मालकाबरोबर पाठवलं. प्रिटलवेलच्या सगळ्या ऐवजात या माणसाबद्दल खासगी असं काही सांगणारी हीच एक वस्तू.

त्या माणसाच्या डोळ्यांवर बहुधा सोन्याच्या पत्र्याचे दोन छोटे क्रूस ठेवले होते. नवा धर्म आला होता, आणि सातव्या शतकात त्याची खूण बायकांच्या कबरींत ठळक होत गेली. २०११ मध्ये केंब्रिजजवळ ट्रंपिंग्टनला सोळा वर्षांची मुलगी मिळाली, पलंगावर, छातीवर सोन्या-गार्नेटचा इवलासा क्रूस. तिच्या दातांनी आणि हाडांनी पुढची कहाणी सांगितली: बालपण आल्प्सच्या आसपास, बहुधा दक्षिण जर्मनीत, सात वर्षांची झाल्यावर कधीतरी इंग्लंडला आली, इथे तिच्या जेवणातली प्रथिनं कमी झाली. परक्या देशात ताटात पडलेलं बदललं, आणि ते हाडांत नोंदलं गेलं. क्रूस तिच्या श्रद्धेबद्दल सांगतो, आणि हाडं तिच्या बदललेल्या जेवणाबद्दल. दुसऱ्या कुणी ती नोंद ठेवलीच नव्हती. २०२२ मध्ये नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या हार्पोलला निघालेल्या कबरीत तर बाईच्या दातांचं थोडं इनॅमल सोडता काहीच उरलं नव्हतं. तीस पदकांचा हार मात्र जसाच्या तसा, रोमन नाणी आणि रंगीत खडे सोन्यात मढवलेले.

पण सातव्या शतकातच कबरींत वस्तू ठेवण्याची ही चाल थांबली. ६७० - ६८० च्या दशकांनंतर कबरींत सुरी किंवा एखादी पिन, नाहीतर काहीच नाही. पूर्वी असं शिकवत की चर्चने मनाई केली. अशी स्पष्ट मनाई कुठेच सापडत नाही. दानाची वाट बदलली, एवढं दिसतं. जो ऐवज खड्ड्यात जायचा तो मठांना जाऊ लागला.

आणि तरीही ६८७ मध्ये मरण पावलेल्या संत कथबर्टच्या अंगावर सोन्या-गार्नेटचा क्रूस होता. लिंडिसफार्न बेटावर पुरलेलं त्याचं शव पुढे भिक्षूंनी डरहॅमला आणलं. तिथे १८२७ मध्ये पेटी उघडली तेव्हा तो क्रूस वस्त्रांच्या आत खोल दडलेला होता. तो क्रूस एकदा मोडला होता. एक भुजा तुटली, ती कुणीतरी सांधली, आणि सांधलेला क्रूस पुन्हा गळ्यात आला.